दारावरची तारीख

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज कामाचा पहिला दिवस. सहा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली आणि आता फॉर्म भरायचे. एका मेडिकल कॉलेजचा प्रकल्प आहे. मुळशी तालुक्यातल्या साठ आरोग्य कर्मचाऱ्यांना गाठायचं, म्हणजे सिस्टर, आशाताई, आरोग्यसेवक, आणि मलेरियाच्या लसीबद्दल त्यांना काय माहीत आहे, काय वाटतं ते विचारून लिहून आणायचं. प्रकल्पाच्या किमया मॅडम म्हणाल्या, "जान्हवी, तुमचं मत मध्ये आणायचं नाही. फक्त टिक करायची." माझं मत आहे कुठे? अशी लस निघाली आहे हे मलाच मुलाखतीच्या आदल्या दिवशी वाचून कळलं.

पौडला उषा सिस्टर भेटल्या. तीस वर्षं मुलांना टोचतायत. म्हणाल्या, "मलेरियाची लस? डासाला द्यायची का माणसाला?" आणि स्वतःच हसल्या. मी माहिती वाचून दाखवली तसा त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. "पुण्यात बनते, आफ्रिकेतल्या पोरांना जाते, आणि पौडात बसून मला पत्ता नाही. हे पण लिहा." त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता. कडेला बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

मारुंजीत घरी परत येईतो सात वाजले. शेजारच्या अर्धवट टॉवरच्या तळघरात अजून गुडघाभर पाणी आहे. काठावर मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. नवरा कौस्तुभ बाल्कनीत डास मारायची रॅकेट फिरवत होता, नुसती तडतड. गेले तीन आठवडे हाच उद्योग. मी आता खाजवणंही सोडून दिलंय.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

उरवडे. आरोग्यसेवक चंद्रकांत यांना सगळं तोंडपाठ. ताप दिसला की पहिलं काय? रक्ताचा नमुना. मलेरियाची लक्षणं? थंडी, मग ताप, मग घाम, दिवसाआड. मला वाटलं माझंच पुस्तक कुणीतरी मोठ्याने वाचतंय. पूर्ण गुण.

लसीचं विचारलं तर चेहरा बदलला. "मॅडम, मलेरियाच राहिला नाही तर लस कशाला? कोविडच्या वेळी लोकांनी आमच्या अंगावर कुत्री सोडली होती. आता परत कुणाच्या दारात जाऊन उभं राहू?"

याआधीचा रक्तनमुना कधी घेतलात, असं विचारावंसं वाटलं. पण तो प्रश्न फॉर्ममध्ये नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

मालेला शुभांगी नावाची आशाताई आहे. अडतिशीची असेल, बोलायला सरळ. लसीबद्दल म्हणाली, "आमी देऊ की. पन बाया पयलं इचारत्यात, तुझ्या पोराला दिलीस का? त्याचं उत्तर आसल्याबिगर मी कुनाच्या दारात जात न्हाई." माझ्या आजवरच्या सगळ्या फॉर्ममधलं हे सगळ्यात शहाणं उत्तर. टिक मात्र 'अनिश्चित' या चौकोनात करावी लागली.

निघताना म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या. एक दाखवू?" आणि ओढ्याच्या पलीकडे घेऊन गेली. तिथे एक कुलूपबंद घर. माणसं पुण्याला गेलेली, पायऱ्यांवर शेवाळ. दाराशेजारी भिंतीवर गेरूने आडव्या-उभ्या रेघा मारलेल्या आणि शेवटच्या चौकोनात तारीख, १५/९. मी बोट लावलं तर लाल लागलं. ओली होती.

"कोण लिहितं?"

"त्येच तर. आमचं काम न्हाई ह्ये. पूर्वी हिवतापवाले लिवायचे म्हनं, घर तपासलं की. आता कोन येतंय? दोन महिनं झाले, आशीच बंद घरांवर तारीख येतीय. कोंढरवाडीची चंद्राबाई म्हनती, ज्या दारावर तारीख उमटंल त्या घरात ताप शिरतो. बगायला जाऊ नये."

मी हसले. पण गाडीवर बसल्यावर त्या बोटाकडे बघवेना. रुमालाने दोनदा पुसलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

दुपारी एकदम हुडहुडी भरली. दोन ब्लँकेटं घेतली तरी दात वाजत होते. मग अंग भट्टीसारखं. संध्याकाळी घामाने गाऊन भिजला आणि सगळं ओसरलं. काल भिजल्यामुळे. दुसरं काय?

गुरुवार, १८ सप्टेंबर

लिहून ठेवते, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

काल अगदी ठणठणीत होते, म्हणून आज कोंढरवाडीला गेले. दर गुरुवारी तिथल्या अंगणवाडीत लसीकरणाची सिस्टर येते. मालेपासून वर चढ, धुकं इतकं की गाडीचा दिवाही पुढे जाईना. वाडीत दहा घरं, त्यातली सहा बंद. सहाच्या सहा दारांवर तारखा. अंगणवाडीला कुलूप. सिस्टर पावसामुळे आलीच नव्हती.

शेवटच्या घरात चंद्राबाई. सत्तरीच्या पुढची, काटक. चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. एकट्या बाईच्या टोपलीत चार भाकऱ्या होत्या. गुरांना घालत असेल. मी तारखांचं विचारलं तशी मान वर न करता म्हणाली, "पोरी, ज्या वाटंनं आलीस त्या वाटंनं जा. हितं थांबू नगं. ताप घिऊन जाशील."

मी अंगणवाडीच्या ओट्यावर सिस्टरची वाट बघत बसले. दोन वाजले आणि परवासारखीच हुडहुडी आली. ओट्यावर आडवी झाले. पिशवी पोटाशी धरली. पुढचं तुकड्यातुकड्यांत आठवतंय. कुणीतरी शेजारी उकिडवं बसलं होतं. खाकी बाही दिसली, चेहरा नाही. धुक्यातून आल्यासारखा आवाज:

"परवा बी आली आसंल. ह्याच वक्ताला. आता शनवारी येनार."

मी विचारलं, तुम्ही कोण.  तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होता, एकच वाक्य, परत परत. हाताला मुंगी चावल्यासारखं झालं.

शुद्धीवर आले तेव्हा चार वाजलेले. ओट्यावर मी एकटी. डाव्या हाताच्या अनामिकेवर रक्ताचा सुकलेला ठिपका. आणि माझ्या डोक्याशी, भिंतीवर, १८/९.

गाडी कशी चालवली मला माहीत नाही. कौस्तुभला फक्त ताप आहे एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं तर तो मला उद्यापासून जाऊ द्यायचा नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

आली. दोनला दहा मिनिटं कमी असताना. मी सकाळपासून घड्याळाकडे बघत होते आणि स्वतःला बजावत होते की असलं काही नसतं. कुणी सांगितलं म्हणून ताप येत नाही.

त्याने सांगितलं आणि आली.

कौस्तुभ कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. "व्हायरल चाललंय सगळीकडे." पाच दिवसांच्या गोळ्या. मी नर्स आहे म्हटल्यावर म्हणाले, मग तुम्हाला काय सांगायचं! आम्ही दोघंही हसलो.

किमया मॅडमचा फोन. आठ फॉर्म कमी आहेत, सोमवारी हवेत. "आजारी आहात मान्य, पण आता सगळ्यांची उत्तरं साधारण सारखीच येतायत ना? बघा काही जमवता आलं तर." म्हणजे काय ते त्यांनीही बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. अंग तापलेलं असतानाच आठ फॉर्म भरले. नावं बनवली. टिका भरभर पडत गेल्या. ज्ञान उत्तम, मत अनुकूल. कुणाच्याही दारात न जाता.

रविवार, २१ सप्टेंबर

आज ताप नाही. डोकं स्वच्छ. म्हणून ते आठ फॉर्म तपासायला घेतले.

आठही फॉर्मच्या शेवटी, शेरा लिहायच्या जागी, माझ्या अक्षरात एकच वाक्य आहे: 'आत गेलो न्हाई.'

आठ वेळा. गेलो. न्हाई. मी औशाची, मराठवाड्यातली. माझ्या तोंडात 'न्हाई' नाही. आणि मी बाई आहे. हे मी लिहिलेलं नाही. पण अक्षर माझंच, पेनही माझंच. कोण कुठे आत गेलं नाही?

कौस्तुभला दाखवलं. तो म्हणाला, तापात माणूस काहीही बरळतो, कानावर पडलेलं लिहितो. मी म्हटलं, माझ्या कानावर असलं काही पडलेलं नाही. त्याने फॉर्म कपाटात ठेवले आणि कपाट लावून घेतलं. मी मुद्दाम हॉलमध्ये झोपायचं ठरवलंय.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. दोन वाजता आली. आज त्याच्या आवाजाची वाट बघत होते. लिहवत नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सकाळी नऊला शुभांगीचा फोन. 

"ताई, तुमाला मलेरिया हाय."

मला वाटलं फॉर्ममधलं काही विचारतेय.

तिने सांगितलं ते असं: शुक्रवारी पहाटे दार उघडलं तर कोनाड्यात कागदाची पुडी. आत काच, तिच्यावर रक्ताचा वाळलेला थेंब. ती भ्याली. करणी वाटली. दोन दिवस पुडी गोठ्यात ठेवली. मग तिला कागदावरची अक्षरं खुपायला लागली. '१८/९. गाडीवाली बाई. वय अंदाजे ३०. थंडी १४.०० वाजता. दिवसाआड. तपासावे.' ती म्हणाली, "भूत तपासावे लिवंल का वो?" काल ती पुडी घेऊन पौडला गेली. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. दिवसाआडचा हिवताप.

मी पलंगावर बसून राहिले. थंडी, ताप, घाम. दिवसाआड. दुपारी दोन. बावन्न माणसांना मी हेच विचारत फिरले. बावन्नांनी बरोबर उत्तर दिलं. मी बरोबर उत्तरावर टिक केली आणि संध्याकाळी घरी येऊन ब्लँकेट पांघरलं.

कौस्तुभ तेव्हाच पौडला घेऊन गेला. उषा सिस्टरनी गोळ्या समोर बसून खायला लावल्या. तीन दिवस या, पुढे चौदा दिवस त्या, एकही चुकवायची नाही. मी म्हटलं, ती लस असती तर? त्या म्हणाल्या, "अहो, ती लहानग्यांची. आणि मेंदूत जातो त्या मलेरियावरची. तुमचा हा दुसरा. वाचलंत ना तुम्हीच मला." मग त्यांनी शुभांगीने आणलेला कागद उजेडात धरला आणि खाली बसल्या.

"ही बहिरूनानांची लिहायची पद्धत. वेळ चोवीस तासांची. मी नवीन होते तेव्हा हे हिवतापाचं काम बघायचे. रिटायर होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. मुलाकडे गेलेत भोसरीला."

त्यांनी कुणाकुणाकडून मुलाचा नंबर मिळवला. दिग्विजय. फोन स्पीकरवर होता. त्याने नाव ऐकलं आणि एका दमात सगळं सांगितलं. नाना जुलैपासून बेपत्ता. विसरायला लागले होते. औषध आणायला म्हणून गेले ते गेलेच. पोलिसांत नोंद, पुण्यातले सगळे दवाखाने पालथे घातलेले. "इकडे, त्यांच्या जुन्या फेरीच्या गावांत, नाही ना विचारलं?" उषा सिस्टर म्हणाल्या. विचारलं होतं. कोंढरवाडीच्या चंद्राबाईनेच सांगितलं होतं, हिकडं कुनी आलं न्हाई.

ती खोटं का बोलली असेल? कदाचित तिनेही पाहिलं नसेल. धुकंच तसलं.

शनिवार, २७ सप्टेंबर

बुधवारी आणि शुक्रवारी दोन वाजून गेले, काही झालं नाही. शुक्रवारी तीनला रडू आलं.

किमया मॅडमना फोन करून सांगितलं की ते आठ फॉर्म खोटे आहेत. त्यांनी आकडा परत विचारून घेतला. मग म्हणाल्या, "बावन्नच धरू. मी तसं बोलायला नको होतं." आणि विचारलं, "तुमचा ताप शेवटी ओळखला कुणी?"

मी म्हटलं, त्यांनाच तर शोधायचंय मला.

शेजारच्या टॉवरचं पाणी उपसायला पंप आलाय. तिथल्या मजुरांच्या खोल्यांत शुक्रवारी तपासणी झाली. चार जण मलेरियाचे निघाले. एक बाई सात महिन्यांची गरोदर.

रविवार, ५ ऑक्टोबर

सापडले.

शुभांगी आणि मी वर गेलो. दिग्विजय गेल्या रविवारी येऊन वाडी बघून गेला होता. त्याला बंद कुलपांशिवाय काही दिसलं नाही. शुभांगीने मात्र डोकं लढवलं. म्हणाली, ताई, बंद घरं बगू नका, धूर बगा. वाडीच्या वर, झाडीत, मोडक्या गोठ्याच्या कौलांतून धूर निघत होता. आणि त्या वाटेवर आमच्या पुढे चंद्राबाई, डोक्यावर टोपली.

तिने आम्हाला पाहिलं. पळाली नाही, ओरडली नाही. टोपली खाली ठेवून वाटेतच बसली. "नेऊ नगा त्येला," म्हणाली. "तितं कोंडून घालत्यात. दाराला कडी लावत्यात."

आत बहिरूनाना. पंचाहत्तरीचे, हाडांचा सापळा, पण खाकी सदरा धुतलेला. पत्र्याच्या डब्यात काचा, सुया, गेरूचा खडा. मला पाहून उठून उभे राहिले. "गोळ्या पुऱ्या केल्यास का?"

"रोज घेतेय."

"चौदा दिस. एक बी सोडायची न्हाई. लपून बसतंय काळजात."

मग मी विचारलं. बंद घरांवर तारखा का?

ते बराच वेळ डब्याचं झाकण उघडझाप करत राहिले. बोलली चंद्राबाई. शहात्तर साली हिवताप परत उसळला तेव्हा हा माणूस पंचविशीचा होता. श्रावणातला पाऊस, वीस घरं तपासायची राहिलेली. तिच्या दाराशी आला. आतून कुणाचा आवाज नाही, सगळी माणसं लावणीला. भिंतीवर तारीख घातली, सही केली, पुढे गेला. आत गोधडीत तिची सगुणा तापाने पडली होती. गोळ्या ह्याच्या पिशवीत होत्या. तिसऱ्या दिवशी पोर झटके येऊन गेली.

"आत गेलो न्हाई," नाना म्हणाले. तेच. त्याच आवाजात. मला ओट्यावरचा तो सगळा वेळ परत आठवला.

"आता जातो," ते म्हणाले. "समद्या घरात जातो. कुलूप आसंल तर खिडकीतनं बगतो. मग लिवतो."

वाडी जिवंत आहे की ओस पडली आहे, हे त्यांच्या लक्षात राहत नाही. नमुना घ्यायचं मात्र विसरत नाहीत. चंद्राबाईला विचारलं, मग तुम्ही ती तापाची भीती का पसरवलीत? ती म्हणाली, "मानसं यीना झाली त्येवढी." एकोणपन्नास वर्षं तिने ह्या माणसाला दारात उभं केलं नसेल, आणि आता रोज भाकरी. मला नीट कळत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

दिग्विजय आला. बापाच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. नाना त्याच्या कपाळाला हात लावून बघत राहिले, ताप आहे का ते. कडी लावल्याचं त्याने कबूल केलं. दोघं नवरा-बायको कामावर जातात, दारातच मोठा रस्ता, काय करणार? नाना खाली यायला तयार नाहीत, आणि पावसानंतर गोठ्यात राहणंही शक्य नाही. शेवटी ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत मालेला, शुभांगीच्या पुढच्या खोलीत. ती फेरीला निघेल तेव्हा सोबत घेऊन जाईल. दिग्विजय दर रविवारी येणार. सुया मात्र तिने काढून घेतल्या. नाना भांडले. मग तिने त्यांना आपली नोंदवही धरायला दिली.

दुपारी चंद्राबाईच्या पडवीत जेवायला बसलो तेव्हा नानांनी विचारलं, "बाई, तू काय इचारत फिरत व्हतीस?"

मी सांगितलं. मलेरियाची लस निघाली आहे. लहान मुलांना देतात, चार वेळा टोचायची. मेंदूत जातो तो मलेरिया त्याने बराच अडतो, सगळाच नाही. आपल्याकडे अजून देत नाहीत.

चाळीसेक वर्षं ज्याने हिवतापाशिवाय दुसरं काही केलं नाही, त्या माणसाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. घास हातात तसाच राहिला.

"लस," ते म्हणाले. "हिवतापाची." आणि थोड्या वेळाने, "कंदीपास्नं?"

"चार-पाच वर्षं झाली."

"केवढ्या पोराला?"

"पाच महिन्यांपासून. तीन वर्षांच्या आतल्या."

शुभांगी माझ्याकडे बघत होती, आता बोलू नका म्हणून. दिग्विजयने मान खाली घातली. 

चंद्राबाई चुलीपाशी पाठमोरी होती. ती वळली नाही.

"सगुना दोन वर्साची व्हती," ती म्हणाली. "दिली आसती. ह्यो घिऊन आला आसता, तर ह्याच्याच हातनं दिली आसती."